युरोपातले मिथेनचे नियम आणि तुमच्या व्हॉल्व्हची ग्लँड

(तेल-वायू प्रकल्पांसाठी युरोपात व्हॉल्व्ह पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

युरोपीय संघाचा मिथेन नियम, क्रमांक २०२४/१७८७, ४ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आहे. तो थेट तुमच्या कारखान्याला बांधील करत नाही. बांधील आहेत तिथले प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या. पण त्यांना ठराविक मुदतीने गळती तपासावी लागते आणि हलता स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, जिथून बाहेर येतो ती ग्लँड ही गळतीची नेहमीची जागा. म्हणून हा नियम तुमच्याकडे पर्चेस ऑर्डरमधून येतो.

जमिनीवरच्या भागांच्या बारीक तपासणीत ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) मिथेन सापडला की दुरुस्ती सक्तीची. लगेच जमले नाही तर ५ दिवसांच्या आत हात घालायचा आणि ३० दिवसांत काम संपवायचे. हा आकडा किती बारीक आहे ते पाहा. हवेत मिथेन ५ टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम झाला की पेट घेऊ शकतो. सुरक्षेचा अलार्म बहुधा त्याच्या १० किंवा २० टक्क्यांवर लावलेला असतो, म्हणजे ५,००० किंवा १०,००० पीपीएमला. अलार्म गप्प आहे, म्हणून ग्लँड पास, असे आता म्हणता येणार नाही. साबणाच्या पाण्यावरही भिस्त ठेवू नका.

सक्ती का लागली? एका ग्लँडमधून जाणाऱ्या वायूची किंमत अनेकदा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कमी भरते, म्हणून ती पुढच्या शटडाउनपर्यंत गळत राहते. वीस वर्षांच्या हिशेबात मात्र मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. मुदत घालून दिली हे योग्यच झाले, असे आमचे ठाम मत आहे.

पॅकिंग, म्हणजे स्पिंडलभोवती गळती अडवणाऱ्या रिंगा, भरताना जुनी रिंग एकही आत ठेवू नका. स्पिंडलवर उभा ओरखडा असेल तर नवे पॅकिंगही गळणारच. आधी स्पिंडल पॉलिश करा किंवा बदला. कापलेल्या रिंगांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, प्रत्येक रिंग वेगळी दाबून बसवा. खोल स्टफिंग बॉक्समध्ये (पॅकिंग बसते त्या पोकळीत) जास्त रिंगा भरून फायदा नाही, कारण दाब वरच्या रिंगांवरच पडतो आणि खालच्या सैल राहतात. ग्लँडचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, टॉर्क पान्यानेच आवळा. एक बाजू आधी आवळली की ग्लँड तिरकी बसून स्पिंडल घासते. मग व्हॉल्व्ह पाच-सहा वेळा उघडबंद करून टॉर्क पुन्हा तपासा. पॅकिंग बसले की तो हमखास उतरतो.

ऑर्डरवर नुसते 'लो एमिशन' (कमी गळती) लिहिले असेल तर कोटेशनआधी मानक विचारून घ्या. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ६२४ वर-खाली होणाऱ्या स्पिंडलसाठी आहे: उघडबंदच्या ३१० फेऱ्या, गळतीची मर्यादा १०० पीपीएम. बॉल किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी एपीआय ६४१, ६१० फेऱ्या. आयएसओ १५८४८-१ ही नमुन्याची चाचणी आहे. तयार मालाच्या लॉटसाठी त्याच मानकाचा भाग २ लागतो. तिथे चाचणीचा वायू हेलियम की मिथेन तेही लिहून घ्या, कारण हेलियमच्या निकालावरून मिथेनचे पीपीएम काढता येत नाहीत.