मागच्या चाकांना दिशा देणारं रबर

जुन्या गाडीच्या मागून खड्ड्यात ‘ठक्’ असा आवाज यायला लागला की बहुतेक जण शॉक ॲब्सॉर्बरवर संशय घेतात. शॉक बदलले जातात, आवाज मात्र राहतो. त्याच्या जोडीला आणखीही काही जाणवत असतं. लेन बदलताना गाडीचं तोंड आधी वळतं आणि मागचा भाग क्षणभर उशिरा येतो. जोरात ब्रेक दाबला की मागची बाजू किंचित तिरकी सरकते. मागचे टायर एकाच कडेने झिजतात. ही लक्षणं एकत्र दिसली तर मी सगळ्यात आधी मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं धरणारा सांगाडा, बॉडीला जिथे जोडलेला असतो, तिथली बुशं, म्हणजे रबर भरलेले सांधे, बघायला सांगेन. गॅरेजमध्ये काही जण त्यांना सायलेंट ब्लॉक म्हणतात.

नेहमीच्या बुशची रचना साधी असते. एका लोखंडी नळीत दुसरी लहान नळी आणि दोघींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, भोकात दाबून बसवलेली असते, आतली नळी बोल्टने बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये आवळलेली असते. चाक वर-खाली झालं की आर्म त्या बोल्टभोवती थोडा फिरतो. पण इथे काहीही कशावर घासत नाही. आतली नळी जागेवर राहते, बाहेरची थोडी फिरते आणि मधलं रबर पिळलं जातं. बेअरिंग फिरतं, बुश पिळलं जातं. बुश बदलताना होणारी सर्वात महागडी चूक हा फरक न कळल्यामुळेच होते.

रबराचा एक गुण मला फार विलक्षण वाटतो. त्याचा आकार बदलणं सोपं आहे, पण घनफळ कमी करणं जवळजवळ अशक्य. आकार बदलायला जेवढा जोर पुरतो, त्याच्या हजारपटीहून जास्त जोर रबर सगळीकडून दाबून लहान करायला लागतो. म्हणून दोन नळ्यांमध्ये कोंडलेलं रबर पिळायला मऊ आणि दाबायला बरंच कडक असतं, कारण दाबल्यावर त्याला पसरायला जागाच मिळत नाही. अभियंते ही जागा हवी तिथेच देतात. अनेक बुशांमध्ये रबरात समोरासमोर दोन चंद्रकोरीसारख्या पोकळ्या ठेवलेल्या दिसतात. ज्या दिशेला पोकळी, त्या दिशेला बुश मऊ. खड्ड्याचा धक्का चाकाला मागे ढकलतो, तेव्हा बुश थोडं झुकतं आणि धक्का गिळतं. वळणावर बाजूने येणारा जोर मात्र ते अडवून धरतं. एकच वस्तू एका दिशेला उशी आणि दुसऱ्या दिशेला खुंटा.

हे झुकणं इतकं महत्त्वाचं आहे की काही गाड्यांची मागची चाकं त्याच्याच जोरावर थोडीशी ‘वळवली’ जातात. १९७७ मध्ये आलेल्या पोर्शे ९२८ च्या मागच्या सस्पेन्शनमध्ये ही युक्ती होती. वळणावर चालकाने एकदम ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक लावला, तर चाकाची पुढची कड किंचित आत वळावी, म्हणजे गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ नये, असा तो बेत होता.

साध्या छोट्या गाड्यांमध्ये बहुधा ट्विस्ट बीम ॲक्सल असतो, म्हणजे दोन आर्म आणि त्यांना जोडणारा एक आडवा तुळईसारखा भाग. त्याची दोन बुशं चाकांच्या पुढे असतात. डावीकडे वळताना रस्ता मागच्या टायरना डावीकडे ढकलतो. हा जोर बुशांच्या मागे लागतो, म्हणून सगळा ॲक्सल थोडा फिरतो आणि मागची चाकं उजवीकडे बघू लागतात. गाडी मग चालकाने मागितलं त्याहून जास्त वळते. नवी बुशं हे फिरणं आटोक्यात ठेवतात. सैल झालेली ठेवू शकत नाहीत.

काही मिलिमीटरच्या सैलपणाने काय होतं, ते मोजून बघू. दोन बुशांमध्ये १.२ मीटर अंतर आहे आणि ब्रेक लावल्यावर एक बुश दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त सरकलं, असं धरा. ॲक्सल साधारण ०.१४ अंशाने तिरका होईल. आकडा क्षुल्लक वाटतो, पण या कोनात १०० मीटरला २५ सेंटिमीटर बाजूला जाणं होतं. स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं, ते यामुळेच.

आता बुश म्हातारं का होतं? रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या गेल्या आणि चिकट, उन्हात वितळणाऱ्या पदार्थाला टिकाऊ लवचीकपणा आला. पोलाद ताणलं की अणूंमधले बंध ताणले जातात. रबर ताणलं की मुख्यतः गुंडाळलेल्या साखळ्या सरळ होतात आणि उष्णतेने चाललेली त्यांची वळवळ त्यांना पुन्हा गुंडाळते. म्हणूनच वजन टांगलेला रबरबँड तापवला तर तो आखडतो आणि वजन वर उचलतो. लवचीकपणा या साखळ्यांच्या मोकळेपणात आहे.

वय तोच मोकळेपणा हिरावतं. उष्णता आणि ऑक्सिजन यांमुळे वर्षानुवर्षं नव्या गाठी पडत राहतात आणि रबर कडक होतं. हवेतला अगदी थोडा ओझोनही साखळ्यांचे दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. गळणारं इंजिन ऑइल रबरात शिरून त्याला फुगवतं, मऊ करतं. किलोमीटर कमी झाले म्हणून बुश शाबूत असेल, असं त्यामुळेच समजू नये. उभ्या गाडीचंही रबर म्हातारं होतच असतं.

बदलण्याच्या कामात दम काढतं ते जुनं बुश बाहेर काढणं, कारण बाहेरची नळी गंजून आर्मशी एकजीव झालेली असते. काही जण रबर जाळून काढतात. तसं करू नये, धूर विषारी असतो. प्रेस किंवा स्क्रूचा पुलर वापरावा. गाडी भक्कम स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. काढण्याआधी जुन्या बुशच्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत, त्याची आर्मवर खूण करावी. नवं बुश ९० अंश फिरवून बसवलं, तर मऊ दिशेच्या जागी कडक दिशा येते. दाबताना जोर बाहेरच्या नळीवरच द्यावा, रबरावर नाही. बाहेरून रबर असलेलं बुश असेल तर साबणाचं पाणी लावावं, साधं ग्रीस नको. आणि बुशं दोन्ही बाजूंची एकदमच बदलावीत.

पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा प्लास्टिकसारख्या पदार्थाची, बुशं जास्त टिकतात, गाडी जास्त चपळ वाटते, हे खरं. पण ट्विस्ट बीमच्या बुशला पिळण्याबरोबर कलतंही यावं लागतं. कडक बुश त्याला विरोध करतं आणि रस्त्याची घरघर आत पोचवतं. रोजच्या गाडीला मी रबरच घेईन.

आता ती महागडी चूक. गाडी उचललेली असते, चाकं लोंबत असतात आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला जातो. आतली नळी तिथेच जखडते. गाडी खाली उतरली की आर्म, समजा, २० अंश वर येतो आणि रबर तेवढं पिळलेल्या स्थितीत कायमचं अडकतं. नळीची त्रिज्या १२ मिलिमीटर असेल, तर तिच्या पृष्ठभागापाशी रबर सुमारे ४ मिलिमीटर ओढलेलं राहतं, गाडी नुसती उभी असतानाही. प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो आणि नवं बुश लवकर फाटतं.

उपाय सोपा आहे. गाडी उचलण्याआधी, ती सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवं बुश बसल्यावर बोल्ट हातानेच लावा. मग हबखाली, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाखाली, जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत हळूहळू उचला, गाडी स्टँडवरून सुटत नाही ना हे बघत. त्या स्थितीत टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. त्यानंतर अलाइनमेंट तपासून घेताना पुढच्याबरोबर मागच्या चाकांचे कोनही मोजायला सांगा.