श्राव्यातीत ध्वनी व सोनोग्राफी

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक वारंवारतेच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. असा ध्वनी शरीरात सोडून त्याच्या प्रतिध्वनींवरून आतील अवयवांचे चित्र उभे करण्याची पद्धत म्हणजे सोनोग्राफी. तीत बहुधा २ ते १५ मेगाहर्ट्झ वारंवारता वापरली जाते.

ध्वनी पसरतो तेव्हा माध्यमाचे कण आपापल्या जागी पुढेमागे हलतात आणि दाबाच्या वाढीचे व घटीचे पट्टे पुढे सरकत जातात. त्यांचा वेग वारंवारतेवर जवळजवळ अवलंबून नसतो. तो माध्यमाची घनता आणि दाबाला होणारा त्याचा विरोध यांवर ठरतो. २०° सेल्सिअस तापमानाच्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर शरीराच्या मऊ ऊतींमध्ये सरासरी १,५४० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, ३.५ मेगाहर्ट्झला ती ऊतींमध्ये सुमारे ०.४४ मिलिमीटर भरते. तरंगलांबीहून बरेच बारीक तपशील चित्रात वेगळे दिसू शकत नाहीत, म्हणूनच ऐकू येणारा ध्वनी या कामाला निरुपयोगी ठरतो.

घनता आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकाराला ध्वनिसंरोध म्हणतात. दोन ऊतींचे संरोध वेगळे असले की त्यांच्या सीमेवर ध्वनीचा काही भाग परततो. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर जेमतेम एक टक्का ऊर्जा परावर्तित होते आणि उरलेली पुढे जाऊन खोलवरच्या सीमांची खबर आणते. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर मात्र ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा मागे फिरते. त्वचेवर लावलेले जेल हे प्रोब (अंगावर टेकवून फिरवायचा, ध्वनी सोडणारा व टिपणारा हातातला भाग) आणि त्वचा यांमधला हवेचा पातळ थर काढून टाकण्यासाठी असते. ते नसेल तर महागडे यंत्रही आंधळे होते. हवेने भरलेली फुप्फुसे आणि वायूने फुगलेली आतडी यांच्यापलीकडचे दिसत नाही तेही याच कारणाने. ओटीपोटाच्या तपासणीआधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि ध्वनीला वाट मोकळी करून देते.

प्रोबमधील सिरॅमिक (चिनी मातीसारख्या कठीण) पदार्थाच्या पट्ट्यांना विद्युत दाब दिला की त्या आक्रसतात व प्रसरतात, आणि उलट त्यांवर प्रतिध्वनी आदळला की विद्युत दाब निर्माण होतो. या दाबविद्युत परिणामाचा शोध झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांवरील प्रयोगांतून लावला. म्हणजे तोच घटक बोलतो आणि तोच ऐकतो. त्यातही बोलणे अगदी थोडे. सुमारे एक मायक्रोसेकंदाचा स्पंद सोडला की उरलेला ९९ टक्क्यांहून अधिक वेळ तो ऐकण्यातच जातो.

सोनोग्राफी यंत्र थेट अंतर मोजत नाही, वेळ मोजते. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात, आणि वेग सर्वत्र १,५४० मीटरच आहे असे गृहीत धरून यंत्र प्रत्येक प्रतिध्वनीची जागा ठरवते. चरबीत वेग सुमारे १,४५० मीटर असल्याने तिच्याआडचा अवयव पडद्यावर आहे त्याहून किंचित खोल दिसतो.

वारंवारता वाढवली की चित्र रेखीव होते, पण ध्वनी लवकर क्षीण होतो. दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल घट धरली, तर ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी १० सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत ५० डेसिबलने घटतो, म्हणजे ऊर्जेचा एक लाखांश भागच उरतो. परावर्तनातली तूट वेगळीच. म्हणून उशिरा आलेले प्रतिध्वनी यंत्र अधिक वर्धित करते. त्वचेलगतच्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीसाठी उच्च वारंवारतेचा प्रोब चालतो. यकृतासाठी मात्र खालची वारंवारता घेऊन थोडा रेखीवपणा सोडावाच लागतो.

सगळ्या उणिवा तोट्याच्याच असतात असे नाही. पित्ताशयातील खडा ध्वनी अडवतो, म्हणून त्याच्यामागे काळी सावली पडते. द्रवाने भरलेल्या गाठीत ध्वनी फारसा क्षीण होत नाही, म्हणून तिच्यामागचा भाग अधिक उजळ दिसतो. खरे तर हे चित्रातले दोष, पण निदान करताना डॉक्टर मुद्दाम त्यांचाच शोध घेतात.

वाहत्या रक्तातील पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते. क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या परिणामाचा हा उपयोग आहे. ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणाऱ्या रक्तावर ६०° कोनात पडला, तर हा फरक सुमारे १,६०० हर्ट्झ येतो. तो श्राव्य पट्ट्यात असल्याने थेट ध्वनिवर्धकावर ऐकवता येतो. तपासणीच्या वेळी कानी पडणारा लयबद्ध आवाज बहुधा या फरकाचा असतो, हृदयाच्या ठोक्यांचा प्रत्यक्ष आवाज नव्हे. कोन ९०° झाला तर रक्त वाहत असूनही फरक शून्य दिसतो.

या तंत्राचा पूर्वेतिहास पाण्याखालचा आहे: पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झचे प्रक्षेपक बनवले. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये इंगे एड्लर व हेल्मुथ हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचाली प्रतिध्वनींवरून नोंदल्या, आणि १९५८ मध्ये ग्लासगोचे इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी पोटातील गाठींवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली.

या ध्वनीत क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण नसते. तरीही शोषलेल्या ऊर्जेने ऊती किंचित तापतात आणि तीव्र दाबाने सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊ शकतात. म्हणून यंत्राच्या पडद्यावर औष्णिक व यांत्रिक निर्देशांक दाखवतात आणि गर्भाची तपासणी गरजेपुरतीच, कमीत कमी शक्तीवर करतात.