अक्रॉपोलिस

अक्रॉपोलिस : प्राचीन ग्रीक नगरातील उंचावरची, तटबंदीने राखलेली जागा. ‘आक्रॉस’ (टोकाचा, सर्वांत उंच) आणि ‘पोलिस’ (नगर) या दोन ग्रीक शब्दांचा हा समास होमरच्या ‘ओडिसी’तही आढळतो. पहिल्या पदाच्या कुळात संस्कृत ‘अश्रि’ (कड, कोपरा) येतो. मराठीतल्या ‘चतुरस्र’मध्ये तो अजून टिकून आहे. ‘पोलिस’चा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘पुर्’. ऋग्वेदातले पुर् म्हणजे मुख्यतः तटबंदीचे ठिकाण. ग्रीक ‘पोलिस’चा जुना अर्थही गडाकडेच झुकतो. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझने नोंदवले आहे, की अथेन्सचे लोक त्याच्या काळीही (इ.स.पू. पाचवे शतक) टेकडीवरच्या गडाला नुसते ‘पोलिस’ म्हणत, पूर्वी नगर म्हणजे तेवढेच होते. वस्ती पायथ्याशी पसरून ‘पोलिस’ साऱ्या नगराचे नाव झाले, तेव्हा माथ्याला वेगळे नाव लागणे ओघानेच आले. मराठीत ‘बालेकिल्ला’ हा शब्द जवळचा आहे खरा, पण तो गडाचा असतो, नगराचा नव्हे.

अथेन्सची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मी. उंच, कड्यांची आणि सपाट माथ्याची आहे. इ.स.पू. तेराव्या शतकात मायसीनी (कांस्ययुगीन ग्रीक) लोकांनी तिला प्रचंड दगडांचा तट घातला. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी वरची देवळे जाळली. पुढे अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याच्या काळात तेथे पार्थेनॉन हे अथीना देवीचे मंदिर (इ.स.पू. ४४७–४३२) उभे राहिले आणि गडाची ओळख देवस्थान म्हणून पक्की झाली. आज ‘अक्रॉपोलिस’ म्हटले की हीच टेकडी आठवते, हा इतर गडांवर थोडा अन्यायच. करिंथचा अक्रोकरिंथ हिच्या तिपटीहून उंच आहे. आर्गॉसचा लारिसा, थीब्झचा कॅडमीआ, ऱ्होड्झ बेटावरचा लिंडॉस ही आणखी काही उदाहरणे.

ज्याच्या हाती गड त्याच्या हाती नगर, हे ग्रीकांना पक्के ठाऊक होते. इ.स.पू. सातव्या शतकात कायलॉनने सत्तेसाठी अथेन्सचा गड बळकावला, पण वेढ्यात त्याचा बेत फसला. पुढच्या शतकात पायसिस्ट्राटसला मात्र तेच साधले. ॲरिस्टॉटल तर ‘पॉलिटिक्स’मध्ये सरळच सांगतो, की अक्रॉपोलिस राजसत्तेला व अल्पजनसत्तेला सोयीचे, लोकशाहीला सपाट जमीन बरी. त्याच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, इ.स.पू. ३८२ मध्ये, स्पार्टाच्या सैन्याने कॅडमीआ ताब्यात घेतला होता. तेवढ्या एका गडाच्या जोरावर थीब्झ सुमारे तीन वर्षे स्पार्टाच्या मुठीत राहिले.