थांबलेली बस किंचित थरथरते

संध्याकाळी इंदूरच्या गीता भवन चौकात आत्या आणि मी भंवरकुआंकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभ्या होतो. मोबाइलमध्ये बस पलासियाला दिसत होती, ‘३ मिनिटे’. पाच मिनिटांनी पाहिलं, तरी बस पलासियालाच आणि मिनिटंही तीनच. “अगं, ती तिथे मुक्कामाला थांबली की काय?” आत्या म्हणाली. वीस मिनिटांनी आम्ही रिक्षा केली. आत्याचे गुडघे दुखतात. ‘बसचा पत्ता नाही’ एवढं जरी पडद्यावर आलं असतं, तर रिक्षा आधीच केली असती.

बसमधला जीपीएसचा डबा सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत पकडून आपली जागा काढतो आणि मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतो. सर्व्हर सगळ्या बसची मिळून एक फाइल तयार करतो आणि ती सतत बदलत राहतो. हेच ते फीड, ॲप त्यावरच चालतात. या फाइलची एक सामाईक भाषा आहे. वेळापत्रकासाठीची ‘जीटीएफएस’ ही भाषा २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये तिला चालत्या गाड्यांसाठी ‘रिअलटाइम’ची जोड मिळाली.

फीडवर देखरेख म्हणजे सर्व्हर चालू आहे का ते बघणं, असा समज असतो. पण दुकानाचं शटर वर आहे म्हणून आतले पोहे ताजेच असतील असं नाही. सर्व्हर ठणठणीत असतो, फाइल वेळेवर येते, आणि आत मात्र अर्ध्या तासापूर्वीची बस असते. म्हणून पाहायचं ते नोंदीचं वय. प्रत्येक नोंदीसोबत ती कधी मोजली याची वेळ असते, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांमध्ये. आत्ताच्या वेळेतून ती वजा केली की वय कळतं. फाइल निदान दर ३० सेकंदांनी ताजी व्हावी आणि बसची जागा ९० सेकंदांपेक्षा जुनी नसावी, असा संकेत आहे. ताशी २० किलोमीटर वेगाची बस ९० सेकंदांत अर्धा किलोमीटर पुढे जाते, म्हणजे चौक ओलांडून गेलेली असते.

यात एक गोम आहे. नेटवर्क गेलं की डबा नोंदी साठवतो आणि नंतर एकदम पाठवतो. सर्व्हरने त्यावर मोजल्याची वेळ न ठेवता पोहोचल्याची वेळ टाकली, तर शिळी नोंद ताजी म्हणून खपते आणि वयाची तपासणीच फसते. माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच, कारण ती देखरेखीच्या कुठल्याच आलेखावर दिसत नाही.

बाकीच्या चुका मात्र चटकन सापडतात. घड्याळात भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांची गल्लत झाली, तर सगळ्याच बस नेमक्या १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, पुढच्या किंवा मागच्या काळात दिसतात. अक्षांश आणि रेखांश उलटले, तर इंदूरची बस उत्तर ध्रुवाजवळच्या बॅरेंट्स समुद्रात जाते. शहराभोवती एक चौकट आखून ठेवली की अशी नोंद आपोआप बाहेर पडते.

खरी अवघड बस असते ती एकाच जागी थांबलेली. सिग्नलला उभी आहे, बिघडली आहे, की तिचा डबाच मुका झाला आहे? इथे जीपीएसचा दोषच कामाला येतो. इमारती, झाडं आणि वातावरण यांमुळे मोजणी कधीच तंतोतंत येत नाही. त्यामुळे उभ्या बसचेही आकडे किंचित हलत राहतात, पाचव्या-सहाव्या दशांशात. पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर, सहावा म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. जिवंत बस अशी जागच्या जागी थरथरते. आकडे दहा मिनिटं शेवटच्या दशांशापर्यंत तेच राहिले, तर बहुधा जुनीच नोंद पुन्हा पुन्हा पाठवली जात असते. काही डबे उभ्या गाडीची जागा मुद्दाम धरून ठेवतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देता येत नाही. वय आणि थरथर, दोन्ही जुळवून पाहावं लागतं.

मग मोजणी. वेळापत्रकानुसार आत्ता रस्त्यावर किती बस हव्यात आणि दिसतात किती? एकच गायब असेल तर दोष तिच्या डब्यात किंवा वायरिंगमध्ये. एकाच डेपोच्या सगळ्या गायब असतील, तर सिमकार्ड किंवा तिथली काहीतरी सामाईक गोष्ट पाहायची. सगळ्याच गायब असतील तर सर्व्हर. वेळापत्रकाशी ताडून न बघता गजर लावला, तर रात्री बस डेपोत गेल्या की तो बोंबलत बसतो, आणि चार रात्रींनी त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत वेळ जातोच. तोवर ती बस नकाशावर फिकी दिसावी, ‘३ मिनिटे’ हा आकडा निघून जावा आणि तिथे ‘शेवटची नोंद १२ मिनिटांपूर्वी’ असं मोठ्या अक्षरांत यावं. आत्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या.