कुत्र्याची उलटी वेगळी, गुळणी वेगळी

तान्हं बाळ दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर थोडं दही टाकतं, तेव्हा कुठलीही आजी "उलटी झाली" म्हणत नाही. "गुळणी टाकली गं, पूस," एवढंच म्हणते. तेच बाळ जोर करकरून ओकलं, की तीच आजी डॉक्टरांकडे पिटाळते. म्हणजे हा फरक आपल्या घरात आहे, त्याला शब्दही आहे. मग कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यालाच "उलटी" का म्हणायचं? गंगापूर रोडला सकाळी कुत्री फिरवणारे भेटतात, त्यांच्यातही रोज हेच ऐकतो: "काल दोनदा उलटी केली, गोळी दिली." उलटीच होती कशावरून, हे कोणी विचारत नाही.

उलटी तुम्हाला माहीत आहे. कुत्रा आधी अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, लाळ गळते, मग पोट आत-बाहेर होऊन उमासे येतात आणि जठरातलं बाहेर पडतं. पिवळं पाणी पडलं तर ते पित्त, म्हणजे उलटीच, शंका नको. रात्रभर उपाशी राहणारी काही कुत्री पहाटे असं पिवळं ओकतात, त्यांना झोपण्यापूर्वी अर्धी भाकरी दिली की बऱ्याचदा थांबतं.

गुळणीचं तसं नसतं. अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच माघारी येतं. त्यामुळे पोटाला जोर लावावा लागत नाही. कुत्रा चालता चालता थांबतो, मान खाली घालतो आणि घास बाहेर पडतो, बस्स. आवाज नाही, उमासा नाही. पुष्कळदा लगेच तेच खायलाही जातो. पडलेलं अन्न कधी कधी अळूवडीच्या उंड्यासारखं लांबट असतं, कारण ते नळीत बसून आलेलं असतं. वर बुळबुळीत चिकट फेस असतो.

घोळ होतो तो इथेच. लोक फरशीकडे बघतात आणि ठरवतात: "अख्खी भाकरी पडली, पचलेलं नव्हतं, म्हणजे गुळणी." किंवा, "खाऊन दोन तास झाले होते, म्हणजे उलटी." दोन्ही चूक. जेवल्या जेवल्या उलटी झाली तर त्यातही भाकरी अख्खीच असणार. आणि अन्ननलिका सैल पडून फुगली असेल, तर अन्न तिच्यात तासन् तास पडून राहतं आणि मग गुळणी होते. काय पडलं आणि कधी पडलं यावरून नक्की सांगता येत नाही. बघायचं ते बरगड्यांच्या मागे, पोटाकडे. पोट आत ओढलं जात होतं का? होय, तर उलटी. कुत्र्याने नुसती मान झुकवली, तर गुळणी.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आमचा मोत्या. एका रविवारी मटणाचं हाड गिळलं. दुसऱ्या दिवसापासून दूध-भाकरीचा काला परत येऊ लागला. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "उलट्या होतायत." पलीकडूनही पुढचा प्रश्न आला नाही. दोन दिवस उलटी थांबवायची इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "ओकताना पोट हलतं का?" मी आठवून बघितलं. हलत नव्हतं. एक्स-रे काढला, तर हाड छातीत, हृदयाजवळ अन्ननलिकेत अडकलेलं. दुर्बिणीने काढलं, मोत्या वाचला. पण ते दोन दिवस वाया गेले ते एका शब्दापायी. तेव्हापासून आमच्या घरात मटणाची हाडं कुत्र्याला देत नाहीत, शिजवलेली तर नाहीच नाही. त्यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

उलटीचं औषध जठराच्या आणि मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राच्या कामाचं. अन्ननलिकेतल्या अडथळ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय गुळणीत दुसराच धोका असतो: तो घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. गुळणी टाकणारा कुत्रा खोकू लागला, धापा टाकू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी न्या.

पिल्लांकडे तर नीट बघा. आईच्या दुधावर गुटगुटीत असलेलं पिल्लू घट्ट खायला लागल्यावर प्रत्येक जेवणानंतर गुळणी टाकायला लागलं आणि भूक असून वाळत चाललं, तर जन्मतःच हृदयाजवळची रक्तवाहिनी अन्ननलिकेला आवळत असू शकते. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं. अशा पिल्लाला पाव्हण्यारावळ्यांच्या सांगण्यावरून जंताचं औषध पाजत बसू नका. लवकर शस्त्रक्रिया झाली तर आशा असते. पार्वो या विषाणूच्या आजाराची गोष्ट वेगळी, त्यात पिल्लू मलूल पडतं, खरी उलटी करतं आणि घाण वासाची, पुष्कळदा रक्ताची हगवण लागते.

अधाशासारखं खाऊन एखाद-दुसऱ्या वेळी गुळणी टाकणाऱ्या धडधाकट कुत्र्यासाठी माझा उपाय परात. काला परातीत पातळ पसरायचा आणि मधोमध कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढा धुतलेला गोटा ठेवायचा. त्याभोवती चाटत चाटत खाताना वेग आपोआप कमी होतो. महागडी भांडी लागत नाहीत. पण गुळणी आठवड्यात पुन्हा पुन्हा झाली, तर परात पुरे नाही, एक्स-रे काढा.

खोकून खोकून शेवटी पांढरा फेस टाकला तर ते बहुतेक वेळा घशाचं किंवा श्वासनलिकेचं दुखणं, दोन्हींपैकी काही नाही. मात्र उमासे येतायत, बाहेर काहीच पडत नाही आणि पोट ढोलासारखं फुगतंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जठराला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो.

आणि आपण नाशिककर म्हणून एक. जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांचे खोके येतात, दिंडोरी-निफाडला तर बागेतच कुत्री असतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. खाल्ल्यावर काही तासांत होते ती खरी उलटी, आणि मूत्रपिंडं पुढच्या एक-दोन दिवसांत बंद पडू शकतात. खाताना दिसला तर उलटीची वाट बघू नका, आणि मीठ-पाणी पाजून ओकवू तर मुळीच नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. सरळ डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी अन्न बाहेर पडताना दिसलं, की फडकं आणायला धावण्याआधी मोबाईल काढा आणि कुत्र्याचं पोट दिसेल असं बाजूने शूट करा. वीस सेकंद पुरतात.