विमानातून टाकलेलं बी वाया जातं, हे खरं नाही

आमच्या खानापूर-निपाणी भागात मोबाईलवर तो व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतोय, अमेरिकेत पिवळं विमान उभ्या मक्यावर बी टाकत जातं, आणि खाली लोक लिहितात की पैशाचा माज बघा, कुरी (बी पेरायचं अवजार) न लावता बी उगवतंय व्हय, सगळं पाखरं खाणार.

पण मका-सोयाबीन उभं असताना ट्रॅक्टर आत घालता येत नाही, आणि कापणी होईपर्यंत थांबलं तर तिकडं थंडी पडते, हिवाळ्यात माती झाकायला घ्यायचं हे दुसरं पीक रुजायला वेळच राहत नाही, म्हणून आयोवासारख्या राज्यात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये वरून फोकतात. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की टाकायचं, मग गळलेला पाला बियांवर पडतो आणि खाली ओल टिकते.

थोडं बी वाया जातंच, म्हणून कुरीपेक्षा जास्त टाकतात, आणि नंतर पाऊस झाला नाही तर उगवण खरंच कमी होते.

आणखी एक, ते बी बहुतेक वेळा राय नावाच्या धान्याचं, गव्हासारखं, आपली फोडणीची राई नव्हे! ते हिवाळाभर माती धरून ठेवतं, मातीतलं नायट्रेट (पिकाला लागणारं नत्र) वाहून जाऊ देत नाही, वसंतात ते मारून त्यातच सोयाबीन पेरतात.

आणि न गाडता बी उगवतंच की, भंडारा-गोंदियाकडं उभ्या धानात लाखोळी (एक कडधान्य) फोकतात, त्याला उतेरा म्हणतात. आपण भात कापून शिल्लक ओलीवर मसूर घेतो, ते लोक कापायच्या आधीच टाकतात.