जैवाधारित उद्योग संयुक्त उपक्रम, युरोप

शेती, जंगल, समुद्र आणि सेंद्रिय कचरा यांतून मिळणाऱ्या कच्च्या मालावर चालणारे कारखाने उभे राहावेत यासाठी युरोपीय संघ आणि खासगी उद्योग यांनी मिळून स्थापन केलेली निधी देणारी संस्था. मुख्यालय बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे. २०१४ मध्ये स्थापन झालेला मूळ उपक्रम बीबीआय या आद्याक्षरांनी ओळखला जातो. २०२१ च्या अखेरीस त्याची जागा ‘चक्रीय जैवाधारित युरोप संयुक्त उपक्रम’ म्हणजे सीबीई या संस्थेने घेतली. दोन्हींचा गाभा एकच आहे : नव्या तंत्राचा पहिला कारखाना उभारण्याची जोखीम सरकार आणि कंपन्या यांनी वाटून घ्यायची.

जैवाधारित उद्योगांत नेहमीचे अन्नधान्य किंवा इमारती लाकूड धरत नाहीत. गव्हाचा पेंढा, लाकडाचा भुसा, चीजनंतर उरणारे निवळीचे पाणी, साखरबिटाचा चोथा, करडई-सूर्यफुलासारख्या वनस्पतींची तेले, शेवाळ अशा मालापासून रसायने, प्लॅस्टिक, तंतू, रेझिन, वंगणे आणि खाद्यघटक बनवणारे कारखाने या नावाखाली येतात. आज यांपैकी बहुतेक वस्तू खनिज तेलापासून तयार होतात. वनस्पतीपासून बनवलेली वस्तू आपोआप शाश्वत ठरत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्या पिकासाठी जंगल तोडले किंवा अन्नाची जमीन वळवली, तर पर्यावरणाचे नुकसानच होते. म्हणून या उपक्रमाचा भर पहिल्यापासून अवशेषांवर, टाकाऊ मालावर आणि पडीक वा कमी कसाच्या जमिनीवरील पिकांवर राहिला.

सरकारी पैशाची गरज

प्रयोगशाळेत साधलेली प्रक्रिया बाजारापर्यंत जाताना तीन टप्पे लागतात : काही किलो माल काढणारा पथदर्शी प्रकल्प, टनांत माल काढणारा प्रात्यक्षिक प्रकल्प, आणि शेवटी पूर्ण व्यापारी क्षमतेचा पहिला कारखाना. पथदर्शी टप्प्यासाठी युरोपात सोयी आहेत. बेल्जियममधील गेंट येथील ‘बायो बेस युरोप’ हा पथदर्शी कारखाना कोणत्याही कंपनीला भाड्याने वापरता येतो. अडचण पुढच्या टप्प्यांवर येते. पहिला कारखाना सर्वांत महाग पडतो, कारण त्यातल्या चुका आधी कोणी केलेल्या नसतात. त्या चुकांमधून प्रतिस्पर्धी मात्र फुकट शिकतो. बँकेला तारण म्हणून दाखवायला चालू धंदा नसतो. समोर उभे असलेले पेट्रोरसायन कारखाने दशकांपूर्वी बांधलेले, भांडवल केव्हाच फिटलेले. त्यांच्या दराशी पहिल्या दिवसापासून टक्कर देणे अशक्यच असते. बाजार हे काम आपसूक करील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

स्थापना आणि पैशाची रचना

युरोपीय संघाने २०१२ मध्ये जैव-अर्थव्यवस्थेचे पहिले धोरण जाहीर केले. पाठोपाठ कागद-लगदा, रसायन, शेतीमाल आणि जैवतंत्रज्ञान या क्षेत्रांतील कंपन्यांनी बीआयसी नावाचा संघ स्थापला. फिनलंडची यूपीएम, इटलीची नोव्हामॉन्ट अशा कंपन्या त्यात होत्या. युरोपीय संघाच्या मूळ करारातील कलम १८७ नुसार संशोधनासाठी संयुक्त उपक्रम काढता येतो. विमानउद्योग, औषधे, हायड्रोजन या क्षेत्रांत असे उपक्रम आधीच सुरू होते. ६ मे २०१४ रोजी मंत्रिपरिषदेच्या ५६०/२०१४ या नियमाने बीबीआय अस्तित्वात आला आणि त्याच वर्षीच्या जुलैत प्रकल्पांसाठी पहिले आवाहन निघाले. स्वतःचा कारभार तो स्वतंत्रपणे पाहू लागला ऑक्टोबर २०१५ पासून. नियामक मंडळात युरोपीय आयोगाचे पाच आणि उद्योगसंघाचे म्हणजे बीआयसीचे पाच प्रतिनिधी होते. सल्ल्यासाठी एक वैज्ञानिक समिती आणि सदस्य राष्ट्रांचा एक गट होता.

एकूण आकडा सुमारे ३७० कोटी युरोंचा सांगितला गेला. त्यात सरकारी वाटा ‘होरायझन २०२०’ या संशोधन कार्यक्रमातून जास्तीत जास्त ९७.५ कोटी आणि उद्योगांचा वाटा किमान २७३ कोटी. एका सरकारी युरोमागे खासगी पावणेतीन युरो, असे हे चित्र घोषणेत फार देखणे दिसते. पण खासगी वाट्याच्या आत डोकावले की ते बदलते. २७३ कोटींपैकी किमान १७५.५ कोटी ‘पूरक कार्ये’ या सदरात होते : कंपन्यांनी अनुदानित प्रकल्पांच्या बाहेर, उपक्रमाच्या उद्दिष्टांशी जुळणारी म्हणून स्वतःच्या कारखान्यांत केलेली गुंतवणूक. उरलेल्या रकमेत बहुतांश वस्तुरूप योगदान होते. एखाद्या प्रकल्पात कंपनीने १०० युरो खर्च केले आणि तिला ७० अनुदान मिळाले, तर उरलेले ३० तिचे योगदान म्हणून धरायचे. प्रत्यक्ष रोख रक्कम ठरली होती फक्त १८.२५ कोटी युरो.

पूरक कार्यांच्या खर्चाला स्वतंत्र लेखापरीक्षकाचा दाखला लागत असे; मात्र उपक्रमाने किंवा युरोपीय संघाच्या कोणत्याही संस्थेने त्याची तपासणी करायची नाही, असे नियमातच लिहिले होते. सार्वजनिक पैशाच्या जोडीला उभा असलेला हा आकडा सार्वजनिक डोळ्याला पडताळता येऊ नये, ही या रचनेतील सर्वांत कच्ची जागा होती. कंपनी एरवीही करणारच होती ती गुंतवणूक कोणती आणि उपक्रमामुळे झालेली कोणती, हे त्यातून कधीच नीट वेगळे काढता आले नाही.

अनुदानाचे नियम मात्र विचारपूर्वक ठरवलेले होते. मूलभूत संशोधनाच्या प्रकल्पांत मोठ्या कंपन्यांना अनुदान नव्हते. तो पैसा विद्यापीठे, ना-नफा संस्था आणि लघु-मध्यम उद्योग यांच्याकडे जाई. मोठी कंपनी भाग घेऊ शके, पण स्वतःच्या खर्चाने. प्रात्यक्षिक आणि पहिल्या व्यापारी कारखान्यांच्या प्रकल्पांत कंपन्यांना पात्र खर्चाच्या, म्हणजे अनुदानासाठी धरल्या जाणाऱ्या खर्चाच्या, ७० टक्क्यांपर्यंत मदत मिळे. कारखान्याचा एकूण खर्च पात्र खर्चाहून पुष्कळ मोठा असल्याने अनुदान साधारणतः दीड ते पावणेतीन कोटी युरोंपर्यंत जाई आणि बाकीचा भार कंपनीला कर्ज आणि भागभांडवल यांतून उचलावा लागे.

रोख रकमेचा पेच

१८.२५ कोटी युरोंची रोख रक्कम उद्योगसंघाने उपक्रमाच्या सामाईक तिजोरीत भरायची होती. त्या तिजोरीतून पैसा कोणत्याही यशस्वी अर्जदाराला जाणार, म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाही. कंपन्या त्याला तयार झाल्या नाहीत. एकाच धंद्यात एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांकडून अशी अपेक्षा करणे मुळातच चुकीचे होते. जानेवारी २०१८ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि कंपन्यांना आपापल्या प्रकल्पांतच रोख वाटा देण्याची मुभा मिळाली. तरीही रक्कम पुरी जमेना. शेवटी आयोगाने २०२० सालच्या अंदाजपत्रकातून १४ कोटी युरो कापले आणि सरकारी वाटा ८३.५ कोटींवर आला. भागीदारीत एका बाजूने शब्द पाळला नाही तर दुसऱ्या बाजूने हात आखडता घ्यायचा, हे तत्त्व येथे खरोखर अमलात आले. सार्वजनिक–खासगी भागीदारीच्या इतिहासात असे क्वचितच घडते, म्हणून या निर्णयाचे महत्त्व रकमेपेक्षा मोठे आहे.

कारखाने

सात वर्षांत १४० च्या आसपास प्रकल्पांना निधी मिळाला. बहुतेक संशोधन आणि प्रात्यक्षिक स्वरूपाचे होते. पहिल्या व्यापारी कारखान्यांचे प्रकल्प डझनभराहून थोडे अधिक. उपक्रमाची खरी परीक्षा या कारखान्यांतच झाली.

सार्डिनिया बेटावरील पोर्तो तोर्रेस हे इटलीचे जुने पेट्रोरसायन केंद्र. तेथे नोव्हामॉन्ट आणि एनी समूहातील व्हर्सालिस यांच्या ‘मात्रिका’ या कंपनीने कार्डून या काटेरी वनस्पतीच्या तेलापासून रसायने आणि वंगणांचे घटक बनवण्याचा प्रकल्प राबवला. कार्डून कोरडवाहू आणि निकस जमिनीत येते. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण संशोधन कार्यक्रमाशी संलग्न आहे. तेथील सार्प्सबोर्ग गावी बोरेगार्ड कंपनीने लाकडातील सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू बनवणारा, वर्षाला १,००० टन क्षमतेचा कारखाना २०१६ मध्ये सुरू केला. रंग, चिकटद्रव्ये आणि प्रसाधने यांना दाटपणा आणण्यासाठी हे तंतू वापरतात. एस्टोनियात इमावेरे येथे ग्रानुल समूहाने लाकडाच्या अवशेषांतून शर्करा आणि लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) वेगळे काढणारा कारखाना उभा केला. तोच आज फिबेनॉल या नावाने ओळखला जातो.

रुमेनियातील पोदारी या गावाची कहाणी अधिक तपशिलाने सांगायला हवी. क्रायोवा शहराजवळच्या या गावात स्वित्झर्लंडच्या क्लॅरिअंट कंपनीने गव्हाच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा कारखाना बांधला. वर्षाला अडीच लाख टन पेंढा घ्यायचा आणि ५०,००० टन इथेनॉल काढायचे, अशी योजना होती. भांडवली खर्च १० कोटी युरोंहून अधिक आणि त्यात बीबीआय व आधीच्या एका संशोधन कार्यक्रमातून मिळून ४ कोटींहून अधिक युरोपीय मदत. भोवतालच्या शेकडो शेतकऱ्यांशी पेंढ्याचे करार झाले. शेल कंपनीने माल घेण्याचा करार आधीच केला होता. बांधकाम २०२१ मध्ये पुरे झाले, २०२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण कारखाना ठरलेली क्षमता गाठू शकला नाही, तोटा साचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये क्लॅरिअंटने तो बंद करत असल्याचे जाहीर केले. येथे गिऱ्हाईक होते, कच्चा माल होता, सरकारी पाठबळ होते. पूर्ण क्षमतेवर प्रक्रिया मात्र बसली नाही. पेंढा हा माती, खडे, ओलावा घेऊन येणारा, दर गठ्ठ्यागणिक बदलणारा माल. मोठ्या प्रमाणावर तो हाताळणे हे सेल्युलोजपासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांचे जगभरचे दुखणे आहे. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलने पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर भाताच्या पेंढ्याचा असाच कारखाना उभारला, तो ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झाला. त्यामुळे पोदारीचा अनुभव मराठी वाचकाला परका नाही.

नेदरलँड्सच्या अव्हँटियम कंपनीचा मार्ग वेगळा होता. फळशर्करेपासून एफडीसीए नावाचे आम्ल आणि त्यापासून पीईएफ हे बहुवारिक (पॉलिमर) बनवायचे. पीईएफच्या बाटलीतून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या पीईटी बाटलीपेक्षा बरेच कमी झिरपतात. सुरुवातीला जर्मनीच्या बीएएसएफशी भागीदारी करून अँटवर्प येथे वर्षाला ५०,००० टनांपर्यंतचा कारखाना काढण्याचा बेत होता. बीएएसएफ २०१९ च्या आरंभी बाहेर पडली. अव्हँटियमने बेत दहाव्या हिश्श्यावर आणला आणि डेल्फझाइल येथे ५,००० टनांचा कारखाना बांधला. बीबीआयचे अडीच कोटी युरोंचे अनुदान या प्रकल्पाला होतेच. पण डच बँकांच्या गटाचे आणि सरकारी गुंतवणूक संस्था इन्व्हेस्ट-एनएल हिचे कर्ज मिळाले नसते तर पाया खणला गेला नसता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. अनुदानाचा खरा उपयोग येथे कळतो : ती रक्कम कारखान्याला पुरत नाही, पण इतर सावकारांना पुढे यायला धीर देते.

फ्रान्समध्ये आमियांजवळ किड्यांपासून प्राण्यांचे खाद्य बनवणाऱ्या इन्सेक्ट या कंपनीला सुमारे २ कोटी युरो मिळाले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिला धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

पूर्व आणि पश्चिम

पैशाचा ओघ इटली, स्पेन, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स यांच्याकडे अधिक राहिला. कच्चा माल मुबलक असलेले पोलंड, रुमेनिया, हंगेरी, बल्गेरिया हे देश मागे पडले. चांगला अर्ज लिहायला अनुभवी संशोधनसंस्था आणि स्वतःचा वाटा घालू शकणाऱ्या कंपन्या लागतात. या दोन्ही गोष्टी पश्चिमेत आहेत. या असमतोलावर उपाय म्हणून मध्य आणि पूर्व युरोपातील देशांनी ‘बायोईस्ट’ हा गट स्थापन केला. शेतकऱ्याकडून पेंढा विकत घ्यायचा आणि त्यातून निर्माण होणारे मूल्य दुसऱ्या देशात न्यायचे, एवढ्यावर ही भागीदारी थांबली असती तर तिला युरोपीय म्हणणे कठीण होते.

नवा उपक्रम

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या २०२१/२०८५ या नियमाने सीबीई स्थापन झाला. त्याचे अंदाजपत्रक २०० कोटी युरोंचे : १०० कोटी ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमातून आणि किमान १०० कोटी उद्योगसंघाकडून. मुदत २०३१ पर्यंत. वाटे समसमान ठेवल्याने पूर्वीचा फुगीर आकडा गेला, हे बरे झाले. व्यापारी कारखान्यांत कंपन्यांना मिळणारी मदत ७० वरून ६० टक्क्यांवर आली. शेतकरी, वनमालक अशा प्राथमिक उत्पादकांना आणि इतर घटकांना सल्ल्याची जागा मिळावी म्हणून ‘अंमलबजावणी गट’ जोडले गेले. पहिले आवाहन जून २०२२ मध्ये १२ कोटी युरोंचे होते. २०२३ आणि २०२४ मध्ये ते प्रत्येकी २१ कोटींच्या पुढे गेले.

अनुदानाशिवाय भागभांडवलाचीही वाट काढण्यात आली. युरोपीय गुंतवणूक बँकेच्या १० कोटी युरोंच्या सहभागाने ‘युरोपीय चक्रीय जैव-अर्थव्यवस्था निधी’ उभा राहिला आणि २०२२ पर्यंत त्याची रक्कम ३० कोटींवर पोचली. वाढीच्या टप्प्यावरील कंपन्यांचे समभाग तो घेतो. कारखाना उभा राहिल्यावरची पहिली काही वर्षे सर्वांत धोक्याची असतात आणि अनुदान त्या काळात संपलेले असते. असा निधी नेमका तेव्हा उपयोगी पडतो.

पुरवठ्याच्या बाजूने इतका पैसा घातला तरी मागणीची बाजू दीर्घकाळ मोकळीच राहिली. जैवइंधनाला मिश्रणाच्या सक्तीमुळे हुकमी बाजार मिळतो. जैवाधारित रसायनाला किंवा प्लॅस्टिकला तसे काही नाही. खनिज तेलाचा दर पडला की गिऱ्हाईक जुन्या मालाकडे परततो. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केलेल्या नव्या जैव-अर्थव्यवस्था धोरणात जैवाधारित मालासाठी बाजारपेठ घडवण्यावर प्रथमच मोठा भर दिला आहे.